निबंधाचा पेपर : बाजू कोणती घ्यावी, दाखले कोणते द्यावेत?



लागवड, बेणेमळा, खोडव्याची निगा, पाण्याच्या पाळ्या, उतारा आणि ऊस बिल या गोष्टींवर आपल्या वार्तापत्रात आम्ही नेहमी लिहितो. या अंकात विषय वेगळा घेतला आहे, पण तो परका नाही. आपल्या कार्यक्षेत्रातल्या कितीतरी घरांतली मुले-मुली आज स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करीत आहेत. कोणी पुण्यात खोली घेऊन राहिले आहे, कोणी तालुक्याच्या अभ्यासिकेत दिवस काढते आहे. खोलीभाडे, मेस आणि पुस्तके यांचा खर्च बहुतेक घरी उसाच्या बिलातूनच निघतो. तेव्हा त्या परीक्षेत नेमके काय विचारतात आणि आपले पोर कुठे कमी पडते, हे सभासदाला ठाऊक असले पाहिजे.

या परीक्षांत एक पेपर निबंधाचा असतो. त्याचाच पाठ आज घेऊ. लेख मुलांनी वाचावाच, पण आई-वडिलांनीही वाचावा. या पेपराला लागणारा बराच माल आपल्याच घरात पडून असतो, तो कसा वापरावा एवढेच आम्हाला सांगायचे आहे.

पेपर कसा असतो

केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा मुख्य परीक्षेत निबंधाचा पेपर १९९३ पासून आहे. तो आता २५० गुणांचा असतो. गुणवत्ता यादीसाठी धरले जाणारे लेखी गुण १७५० आहेत, म्हणजे सातवा हिस्सा एकट्या निबंधाचा. वेळ तीन तास. २०१४ पासून त्यात दोन निबंध लिहावे लागतात, प्रत्येकी १२५ गुणांचे. दोन विभाग, प्रत्येक विभागात चार विषय, त्यांतला एकेक निवडायचा आणि त्यावर हजार ते बाराशे शब्द लिहायचे. आपल्या राज्य लोकसेवा आयोगानेही २०२५ च्या परीक्षेपासून राज्यसेवा मुख्य परीक्षा वर्णनात्मक केली आणि तीतही निबंधाचा २५० गुणांचा पेपर ठेवला. म्हणजे नुसते पर्यायाच्या गोलात शाई भरून आता भागत नाही.

केंद्राच्या परीक्षेत निबंध मराठीतून लिहिता येतो. मात्र प्रश्नपत्रिका हिंदी आणि इंग्रजी या दोनच भाषांत असते. त्यामुळे मराठीतून लिहिणाऱ्या उमेदवाराचे पहिले काम म्हणजे विषयातला शब्दन् शब्द नीट समजून घेणे. आयोगाने अभ्यासक्रमात अपेक्षा थोडक्यात सांगितली आहे. विषयाला धरून राहावे, विचार क्रमाने मांडावेत, आटोपशीर लिहावे आणि नेमके लिहावे. अलंकारिक भाषा, सुभाषिते, पाठ केलेली वचने यांचा त्यात कुठे उल्लेख नाही.

दोन खोडी

मुलांचे सरावाचे निबंध वाचले की दोन खोडी हटकून दिसतात.

पहिली खोड उसन्या दाखल्यांची. विषय शेतीचा असो, शिक्षणाचा असो की लोकशाहीचा, दाखले ठरलेले. पाण्याचा विषय निघाला की इस्रायल, शिस्तीचा निघाला की जपान, धाडसाचा निघाला की एखादा परदेशी उद्योगपती. इस्रायलच्या ठिबकाचे नाव घेणाऱ्या मुलाच्या स्वतःच्या शेतात ठिबक असते. नळी किती फुटांवर आहे, फिल्टर कधी तुंबतो, अनुदान कधी जमा झाले, वीज रात्रीची असली की काय होते, हे सारे त्याला माहीत असते. पण त्यातले एक अक्षर निबंधात येत नाही. आपल्या घरचे लिहिले तर गावंढळ दिसेल, असे त्याला वाटते.

दुसरी खोड दोन्ही डगरींवर हात ठेवण्याची. एक पान फायदे, एक पान तोटे, आणि शेवटी "समतोल साधला पाहिजे". निबंध संपतो तरी लिहिणाऱ्याचे म्हणणे काय, ते कळत नाही. काही मुले उलट टोकाला जातात. परीक्षकाला काय आवडेल याचा अंदाज बांधून पहिल्याच ओळीत ठाम बाजू घेतात, आणि तिसऱ्या परिच्छेदात दाखले संपले की तेच तेच फिरवून लिहीत बसतात.

या दोन्ही खोडींचे मूळ एकच आहे. बाजू आणि दाखले यांची गाठ आधी घातलेली नसते.

आधी गाडी बघा, मग मोळ्या भरा

बैलगाडीत ऊस भरताना गाडीवान बैलांची ताकद आणि रस्त्याचा चढ बघून मोळ्या भरतो. निबंधाचेही तसेच आहे. आपल्याजवळचे दाखले म्हणजे गाडी, आणि आपण घेतलेली बाजू म्हणजे वर चढवलेला भार. भार आधी ठरवून मग गाडी शोधायला निघालो तर अर्ध्या वाटेत आख मोडतो. म्हणून तीन तासांतली पहिली वीस-पंचवीस मिनिटे कच्च्या कामाला द्यावीत. विषय वाचावा, सुचतील ते दाखले मागच्या पानावर मांडावेत, आणि त्यांना पेलेल तेवढीच बाजू घ्यावी.

कोणता दाखला ठेवायचा, यासाठी तीन कसोट्या लावाव्यात.

१) तो खरा आहे का? साल, ठिकाण, आकडा पक्का आठवत असेल तरच लिहावा. आकडा आठवत नसेल तर गोष्ट आकड्याविना सांगावी. दडपून आकडा ठोकू नये.

२) तो विषयाला लागू आहे का? म्हणजे विषयातल्या नेमक्या शब्दाला तो भिडतो का?

३) तो कसा चालतो हे मला सांगता येते का? नुसते नाव ठाऊक असणे वेगळे आणि कारभार ठाऊक असणे वेगळे.

तिसरी कसोटी सर्वात महत्त्वाची. "उसाला हमीभाव मिळतो" हे वाक्य कोणीही लिहील. पण सभासदाच्या घरचे पोर पुढे जाऊन लिहू शकते. २००९ पासून उसाला रास्त व किफायतशीर दर, म्हणजे एफआरपी, लागू आहे. तो साखर उताऱ्याशी बांधलेला असतो. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये दर ठरवला होता. महाराष्ट्रात त्यातून तोडणी-वाहतूक वजा होते. ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे देणे १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाने बंधनकारक आहे आणि उशीर झाल्यास १५ टक्के व्याज द्यावे लागते. एवढे चार वाक्यांत लिहिले की परीक्षकाला कळते, या मुलाला ही गोष्ट आतून माहीत आहे.

एक विषय घेऊन बघू

२०१७ च्या नागरी सेवा परीक्षेत एक विषय आला होता. त्याचा आशय असा : भारतातल्या बहुसंख्य शेतकऱ्यांच्या निर्वाहाचे साधन होण्याची ताकद शेतीने गमावली आहे. आपल्या मुलांना हा विषय सोपा वाटेल. दिसायला सोपा आहे, म्हणून फसवा आहे. पायरी पायरीने जाऊ.

पहिली पायरी : शब्द फोडणे. यात तीन शब्दांखाली रेघ मारावी. "बहुसंख्य" हा पहिला. म्हणजे एका बागायतदाराचे बरे चालले आहे, एवढ्याने विषय खोटा पडत नाही. "निर्वाह" हा दुसरा. इथे प्रश्न नफ्याचा, बंगल्याचा किंवा ट्रॅक्टरचा नाही, घर चालण्याचा आहे. तिसरा शब्द "गमावली". जे होते तेच गमावता येते. मग पूर्वी ही ताकद होती का? या तिसऱ्या शब्दाकडे बहुतेकांचे लक्षच जात नाही.

दुसरी पायरी : दाखले मांडणे. कच्च्या पानावर असे मांडता येतील.

अ) १८७५ चे दख्खनचे दंगे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांचे गहाणखतांचे कागद जाळले. हे लोण पुणे व नगर भागांत पसरले. पुढे १८७९ मध्ये सरकारला शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा करावा लागला. नुसत्या पिकावर सारा आणि कर्ज फिटत नव्हते, हे यातून दिसते.

आ) डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा १९१८ चा लहान धारणक्षेत्रांवरचा निबंध. नुसते तुकडे जोडून प्रश्न सुटणार नाही, जमिनीला भांडवलाची जोड लागते आणि शेतीवरची जादा माणसे उद्योगांत गेली पाहिजेत, असे त्यांनी मांडले.

इ) जमिनीचा आकार. कृषी गणनेप्रमाणे १९७०-७१ मध्ये देशातले सरासरी धारणक्षेत्र २.२८ हेक्टर होते. २०१५-१६ मध्ये ते १.०८ हेक्टरवर आले. आपल्या हिशेबात बोलायचे तर साधारण ५ एकर २५ गुंठ्यांचे २ एकर २७ गुंठे झाले. दोन हेक्टरांपेक्षा कमी जमीन असलेले खातेदार शेकडा ८६ आहेत.

ई) उत्पन्न. २०१८-१९ च्या सरकारी पाहणीत शेतकरी कुटुंबाचे महिन्याचे सरासरी उत्पन्न १०,२१८ रुपये निघाले. त्यात पिकांतून आलेले ३,७९८, जनावरांतून १,५८२ आणि मजुरी-पगारातून ४,०६३ रुपये. म्हणजे शेतकऱ्याच्या घरात पिकापेक्षा मजुरीचा पैसा जास्त आला.

उ) प्रवरानगर. लोणीच्या परिसरातल्या शेतकऱ्यांनी विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाखाली भाग भांडवल गोळा करून सहकारी साखर कारखाना उभा केला. १९५० मध्ये त्याचे गाळप सुरू झाले.

ऊ) आपला ऊस. खात्रीचे गिऱ्हाईक आणि कायद्याने ठरलेला दर.

तिसरी पायरी : बाजू घेणे. आता हे दाखले काय पेलतात ते बघा. (इ) आणि (ई) हे विषयाच्या बाजूने जातात. (उ) आणि (ऊ) विरुद्ध जातात. (अ) आणि (आ) तिसरेच काही सांगतात. ते म्हणतात की शंभर-दीडशे वर्षांपूर्वीही नुसत्या शेतीवर भागत नव्हते. म्हणजे "गमावली" हा शब्द पुरता खरा नाही.

मग "होय, गमावली" अशी सपाट बाजू या गाडीला पेलणार नाही. "नाही, शेती फायद्याची आहे" हीसुद्धा पेलणार नाही, कारण उत्पन्नाचा आकडा आडवा येतो. पेलेल अशी बाजू ही : आपल्या देशात नुसत्या शेतीवर बहुसंख्यांचा निर्वाह पूर्वीही जेमतेमच होत होता. जमिनीचे तुकडे लहान झाल्याने आता तेही होईनासे झाले आहे. पण जिथे पिकाला खात्रीचे गिऱ्हाईक, प्रक्रिया आणि जोडधंदा मिळाला, तिथे शेती घर चालवते.

ही काठावरची बाजू नव्हे. तिच्यात तीन स्पष्ट विधाने आहेत आणि प्रत्येकाखाली दाखला आहे. ती पहिल्या परिच्छेदातच सांगून टाकावी. परीक्षकाला शेवटपर्यंत ताटकळत ठेवू नये.

चौथी पायरी : उलटा दाखला. आपल्याला अडचणीत आणणारा दाखला आपणच काढून समोर ठेवावा. तो लपवला तर परीक्षकाला तो सुचतोच, आणि सुचला की आपले सगळे लिखाण कच्चे वाटू लागते. या विषयात तो उलटा दाखला कोणता? सभासद हो, तो आपला ऊसच आहे.

ऊस आणि पाणी : इथे खरी परीक्षा

ऊसवाल्याच्या घरातले पोर सहज लिहून जाईल की, बघा, खात्रीचा दर मिळाला की शेती पोसते, आमच्या भागात पोसते आहे. हे खरे आहे. पण विषयातला "बहुसंख्य" हा शब्द इथे वाट अडवतो. देशात उसाखाली साधारण ५० ते ६० लाख हेक्टर जमीन आहे आणि देशाचे निव्वळ पेरणी क्षेत्र १४ कोटी हेक्टरांच्या आसपास आहे. शंभरात चार हेक्टरांची गोष्ट सांगून बाकी ९६ चा निकाल लावता येत नाही.

दुसरे पाण्याचे. केंद्राच्या कृषी खर्च व मूल्य आयोगाने आपल्या ऊस दराच्या अहवालात नोंदवले आहे की महाराष्ट्रात पिकाखालच्या क्षेत्रापैकी ४ टक्क्यांहून कमी जमिनीवर असलेला ऊस सिंचनाच्या पाण्यापैकी जवळपास ७० टक्के पाणी घेतो. नगर जिल्ह्यातल्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या, हिवरे बाजार गावाने पाणी राखण्यासाठी ऊस आणि केळी यांसारख्या पिकांवर बंदी घातली आणि त्या गावाची शेती सुधारली, हेही सर्वांना ठाऊक आहे.

आता काही सभासद म्हणतील, "म्हंजे आमच्याच पोरानं आमच्याच पिकाविरुद्ध लिहायचं का?" प्रश्न रास्त आहे. त्याचे सरळ उत्तर आम्ही देतो. पीक आपले आहे म्हणून आकडा बदलत नाही. जी गोष्ट परीक्षक वर्तमानपत्रात दहा वेळा वाचून बसला आहे, ती ऊसवाल्याच्या मुलाने गाळली तर त्याला ती अडाणीपणा किंवा लबाडी वाटेल. आणि उद्या हेच पोर प्रांत म्हणून किंवा तहसीलदार म्हणून एखाद्या तालुक्यात बसेल, तेव्हा समोर ऊसवालाही येईल आणि टँकरची वाट बघणाराही येईल. निबंधाचा पेपर असल्या प्रसंगाची थोडीफार चाचणीच घेतो.

पण इथेच आपल्या मुलाजवळ इतरांजवळ नसलेला माल असतो. शहरातला विद्यार्थी "उसाने पाणी खाल्ले" एवढे लिहून थांबतो. शेतकरी ऊस का लावतो, हे त्याला सांगता येत नाही. आपल्या पोराला येते. कांदा काढला की बाजार पडतो. टोमॅटो रस्त्यावर ओतावा लागतो. तुरीचा हमीभाव जाहीर होतो, पण खरेदी केंद्र वेळेवर उघडेल याचा भरवसा नसतो. देशात बावीस पिकांचे हमीभाव जाहीर होतात, पण सरकारी खरेदी मुख्यत्वे गहू आणि भात यांची होते. उसाचे तसे नाही. उसाला घेणारा ठरलेला आहे, दर कायद्याने ठरलेला आहे, पैसे किती दिवसांत द्यायचे तेही ठरलेले आहे. अवकाळी पावसाच्या एका सरीने तो भाजीपाल्यासारखा हातचा जात नाही. म्हणून पाणी दिसले की शेतकरी ऊस लावतो. त्याला पाण्याची किंमत कळत नाही म्हणून लावतो, असे नाही.

एवढे लिहिले की उलटा दाखला आपल्याच बाजूचा पुरावा होतो. शेतकरी खात्रीच्या मागे जातो, हे उसाने दाखवून दिले. मग तीच खात्री कमी पाण्याच्या पिकांना, तुरीला, ज्वारीला, तेलबियांना मिळाली तर बहुसंख्य कोरडवाहू शेतकऱ्यांचाही निर्वाह होईल आणि उसावरचा व पाण्यावरचा ताणही उतरेल. निबंधाचा शेवट इथे आणावा. "समतोल साधला पाहिजे" या गुळमुळीत वाक्यापेक्षा हा शेवट कितीतरी भक्कम आहे, कारण तो दाखल्यांतून निघाला आहे.

पाचवी पायरी : क्रम. लिहिताना क्रम साधा ठेवावा. आधी विषयातले तीन शब्द आणि आपली बाजू. मग पूर्वीची स्थिती (१८७५, १९१८). मग आजची स्थिती (जमीन आणि उत्पन्न). मग जिथे चालले ते (प्रवरानगर, एफआरपी). मग उलटा दाखला (ऊस आणि पाणी) आणि त्याचे उत्तर. शेवटी काय करावे. सहा टप्पे, प्रत्येकी दीडशे ते दोनशे शब्द. हजार-बाराशे शब्द आपोआप भरतात. दाखले पाच-सहाच असावेत. वीस नावे ठोकून दिली तर एकाचेही काम होत नाही.

विषय हवेतला आला तर?

अलीकडच्या वर्षांत आयोग वचनासारखे, तत्त्वज्ञानाच्या अंगाने जाणारे विषय जास्त देतो. २०२२ मध्ये जहाज बंदरात उभे करून ठेवण्यासाठी बांधलेले नसते, अशा अर्थाचा एक विषय होता. असा विषय आला की मुले घाबरतात आणि पुन्हा उसन्या दाखल्यांकडे वळतात. इथेही रीत तीच. हवेतल्या विषयाला जमिनीवरचा दाखला द्यावा.

आनंदीबाई जोशी यांचा दाखला घ्या. १८८३ मध्ये त्या वैद्यकीय शिक्षणासाठी अमेरिकेला गेल्या, १८८६ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या, आणि परत आल्यावर फेब्रुवारी १८८७ मध्ये वारल्या. बहुतेक मुले डॉक्टर होण्यापर्यंतची हकीगत लिहितात आणि थांबतात. पुढचा भाग लिहिला तर बाजू अधिक खरी होते. बंदर सोडण्याची किंमत द्यावी लागते, कधी फार मोठी. तरीही त्यांच्या जाण्याने पुढच्या मुलींना वाट दिसली. धोका पत्करणे म्हणजे बेफिकिरी नव्हे, किंमत ओळखून उचललेले पाऊल, अशी बाजू या दाखल्याला पेलते.

त्याच्या शेजारी सहकाराचा दाखला ठेवता येतो. शेतकऱ्यांनी साखर कारखान्याच्या शेअरसाठी पैसे काढून दिले, तेही बंदर सोडणेच होते. मात्र त्यांच्यामागे नोंदणी, घटना, हिशेब आणि गाडगीळांसारखा जाणकार होता. जहाज नीट बांधून मग त्यांनी समुद्रात लोटले. दाखला सर्वांचाच असला तरी त्यातले कोणते अंग आपण दाखवतो, यावर निबंध ठरतो.

घरच्यांनी काय करावे

सभासदांना वाटेल की या कामात आमचा काय उपयोग? उपयोग पुष्कळ आहे. आई-वडिलांनी पुढील गोष्टी कराव्यात, असे आम्ही सुचवतो.

१) सुट्टीला मूल घरी आले की ऊस बिलाची पावती त्याच्या हातात द्यावी. वजन, दर, कपाती, सोसायटीचा हप्ता, हातात आलेली रक्कम, एकेक ओळ समजावून सांगावी.

२) वार्षिक सर्वसाधारण सभेचा अहवाल आणि ताळेबंद रद्दीत न घालता मुलाला वाचायला द्यावा. जमल्यास सभेला सोबत न्यावे. ठराव कसा मांडतात, विरोध कसा नोंदवतात, हे लोकशाहीच्या कुठल्याही पुस्तकापेक्षा तिथे चांगले कळते.

३) तोडणीची टोळी फडात असेल तेव्हा मुलाने त्यांच्याशी बोलावे. उचल किती, गाव कोणते, पोरांच्या शाळेचे काय होते. आपल्या उसाची ही बाजू आपल्या मुलांना बहुधा माहीतच नसते. कामगार, स्थलांतर किंवा शिक्षण यांवर विषय आला तर हा दाखला कामी येईल. आणि तो अंगावर येणारा असला तरी लिहावा.

४) आजी-आजोबांना ७२ चा दुष्काळ, पाझर तलावांची कामे, सुकडी, रोजगार हमी यांविषयी विचारावे. १९७२ च्या दुष्काळातल्या कामांतून राज्याची रोजगार हमी योजना वाढली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २००५ मध्ये देशाने तसाच कायदा केला. आजीने उचललेली पाटी आणि देशाचा कायदा यांतला हा धागा घरात बसून सापडतो.

मुलांसाठी दाखल्यांची वही

एक वही करावी. प्रत्येक दाखल्याला एक पान. पानावर चार गोष्टी लिहाव्यात : काय घडले, कधी व कुठे, कसे घडले, आणि हा दाखला काय सिद्ध करत नाही. चौथी ओळ टाळू नये. प्रवरानगरचा दाखला सगळे सहकारी कारखाने चांगले चालतात हे सिद्ध करत नाही. हिवरे बाजारचा दाखला प्रत्येक गावाला ते जमेल हे सिद्ध करत नाही. ही मर्यादा ठाऊक असली की बाजू आपोआप मापात राहते. अशी चाळीस-पन्नास पाने वर्षभरात झाली तर पुरेत.

दोन सावधगिरीच्या सूचना. घरचा दाखला द्यायचा म्हणजे घरचे रडगाणे गायचे, असे नव्हे. "आमचे बिल थकले" असे न लिहिता बिल थकले की घरात आणि सोसायटीत काय काय अडते, ते लिहावे. आणि उत्तरपत्रिकेत आपले नाव, गाव किंवा आपल्या कारखान्याचे नाव घालू नये. ओळख उघड करणारा मजकूर महागात पडू शकतो. "ऊस पट्ट्यातले एक गाव" एवढे पुरते.

शेवटी एक सराव देऊन ठेवतो. विषय असा घ्या : "सहकारी संस्था तिच्या सभासदांइतकीच चांगली असते." मुलांनी या विषयातले शब्द फोडावेत, सहा दाखले मांडावेत, त्यांत निदान एक उलटा असावा, आणि मग बाजू ठरवून हजार शब्द लिहावेत. लिहून झाल्यावर घरात मोठ्याने वाचून दाखवावे. वडिलांना एखादे वाक्य पटले नाही तर त्यांनी तिथेच अडवावे आणि "हे कशावरून?" असे विचारावे. ज्या वाक्याला उत्तर देता येणार नाही ते मुलाने काढून टाकावे. कमी-जास्त कळवावेसे वाटल्यास सभासदांनी नेहमीप्रमाणे गट कार्यालयात चिठ्ठी द्यावी.